वजनावरचे टोमणे आणि दंडाला न पुरणारा पट्टा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

4 मार्चचा जागतिक स्थूलता दिन जवळ आला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या नेमाने निघतात. मजकूर बहुधा बरा असतो, सोबतचे छायाचित्र मात्र ठरलेले: मानेच्या वर कापलेले शरीर, बटणांवर ताण आलेला शर्ट, हातात वडापाव. चेहरा दाखवला नाही म्हणजे कुणाची बदनामी झाली नाही, असा हिशेब असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 25 किंवा त्याहून वरचे निघाले. म्हणजे आपल्या वाचकांतला साधारण दर चौथा माणूस ते बिनडोक्याचे चित्र बघतो आणि ते आपल्याबद्दल आहे हे ओळखतो. भाजी निवडणारी, बस पकडणारी, कार्यालयात काम करणारी जाड माणसे चेहऱ्यासकट दाखवणारी छायाचित्रे वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनच्या संग्रहात मोफत मिळतात. ती वापरायला हरकत नसावी.

पण या पत्राचा मुख्य विषय चित्र नाही. हा वाचक दवाखान्यात गेल्यावर काय होते, ते सांगायचे आहे. जाड माणसाचा अपमान म्हटला की आपल्याला शब्द आठवतात. शब्द असतातच. मात्र दवाखान्यात तो अपमान पुष्कळदा वस्तूंत दडलेला असतो: बीपी मोजण्याच्या पट्ट्यात, वजनाच्या काट्यात, सुईच्या लांबीत, खुर्चीच्या हातांत. आणि त्याची किंमत चुकीच्या आकड्यांनी मोजावी लागते.

सगळ्यात साधी गोष्ट घेऊ, बीपी. बहुतेक ओपीडीत यंत्राला एकच पट्टा लावलेला असतो आणि तोच सकाळपासून प्रत्येक दंडाला गुंडाळला जातो. पट्ट्याच्या आत रबरी पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के आणि रुंदी सुमारे 40 टक्के असावी लागते. पिशवी आखूड पडली तर हवेचा दाब रक्तवाहिनीवर नीट पोहोचत नाही, ती दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि ती जास्तीची हवा काट्यावर 'वाढलेले बीपी' म्हणून दिसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये हेच मोजून दाखवले. ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागत होता, त्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. म्हणजे खरे बीपी 122 असलेला माणूस 141 चा रुग्ण ठरतो. 140 ची रेषा ओलांडली की गोळी सुरू. गोळीने बीपी नको तितके उतरते, उठताना चक्कर येते आणि मग त्या चक्करेचे खापरही वजनावरच फुटते. याच्या उलटही होते. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर खरे वाढलेले बीपी लपते.

योग्य पट्टा निवडायला शिंप्याची टेप पुरते. खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजावा. 22 ते 26 सेंमीला लहान पट्टा, 27 ते 34 ला नेहमीचा, 35 ते 44 ला मोठा आणि 45 ते 52 ला मांडीचा म्हणून मिळणारा. टेप नसेल तर पट्ट्यावरच खुणा छापलेल्या असतात. गुंडाळल्यावर त्याची कड 'रेंज' लिहिलेल्या दोन रेघांच्या मध्ये आली पाहिजे. बाहेर गेली तर तो पट्टा त्या दंडाचा नव्हे. काहींचा दंड वर जाड आणि कोपराकडे निमुळता असतो. तिथे पट्टा खालून उघडा राहतो, वेल्क्रो चरचरत सुटते आणि मग सिस्टर तो हाताने दाबून धरतात. तो आकडा लिहूच नये. अशा वेळी पट्टा कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागावर लावून, हात छातीच्या पातळीला आधार देऊन बीपी घेता येते. केसपेपरवर 'हाताच्या पुढच्या भागावर घेतले' एवढे लिहावे. बाकीचे नियम सगळ्यांना सारखे: पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेका, पाय जमिनीवर, लघवी तुंबलेली नको, गप्पा बंद, मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजणे. घरचे यंत्र विकत घेताना डब्यावर किती सेंमीचा पट्टा आहे ते वाचावे. 22 ते 32 आणि 22 ते 42 अशी दोन्ही मापे बाजारात असतात आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. दवाखान्याच्या एकूण खर्चात मोठ्या पट्ट्याची किंमत चहापाण्याच्या हिशेबातली. तरी तो नसतो, कारण मागणारा लाजतो आणि न मागता आणणाऱ्याला त्याची गरज दिसत नाही.

दुसरी वस्तू वजनकाटा. तो बोळात, रांगेच्या तोंडाशी असतो. एकजण आकडा वाचतो, दुसरा चार खुर्च्यांपलीकडे केसपेपर घेऊन बसलेला असतो, म्हणून तो ओरडून सांगावा लागतो. मागच्या बाकावर शेजारच्या इमारतीतले कुणीतरी असतेच. वजन लागते तेव्हा लागतेच: औषधाची मात्रा ठरवायला, गरोदरपणात, डायलिसिसच्या आधी, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला दोन-तीन दिवसांत दोन किलोंची सूज चढली का ते पाहायला. डोळे आले म्हणून आलेल्या माणसाला काट्यावर चढवण्याचे मात्र काही कारण नाही. 'आजच्या उपचारासाठी वजन लागणार आहे का?' असे विचारण्यात उद्धटपणा नाही. काटा पडद्याआड ठेवावा, पाटा रुंद असावा, क्षमता 200 किलोंच्या वर असावी आणि आकडा न उच्चारता लिहावा. कुणाला पाठमोरे उभे राहून आकडा बघायचाच नसेल तर तसे उभे राहू द्यावे. त्याने उपचारात काडीचाही फरक पडत नाही.

बसण्याच्या जागेचेही तसेच. ओळीतल्या निदान दोन खुर्च्या बिनहातांच्या असाव्यात, तपासणीच्या टेबलाशी भक्कम पायरी असावी, गाऊन मागून झाकणारा असावा. सीटी किंवा एमआरआय करायचे असेल तर टेबल किती किलो पेलते आणि यंत्राच्या नळीचा व्यास 60 सेंमी आहे की 70, हे केंद्राने वेळ देतानाच फोनवर सांगावे. उपाशीपोटी, रिक्षाचे भाडे भरून आलेल्या माणसाला टेबलापाशी उभे करून 'बसणार नाही हो तुम्ही यात' म्हणणे हा निव्वळ नियोजनाचा अभाव.

आता बीएमआय. वजन किलोत, भागिले उंचीच्या मीटरमधल्या आकड्याचा वर्ग. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी 1830च्या दशकात हे गुणोत्तर मांडले ते लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधायला, रुग्ण तपासायला नव्हे. त्याला आजचे नाव मिळाले 1972 मध्ये. 160 सेंमी उंचीच्या, 64 किलोंच्या बाईचा बीएमआय बरोबर 25 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात ती 'अतिवजन'च्या उंबरठ्यावर, तर भारतीयांसाठी 2009 मध्ये ठरलेल्या मर्यादांनुसार थेट 'स्थूल'. बाई तीच, शरीर तेच.

भारतीयांसाठी मर्यादा खाली आणण्याला कारण आहे, आणि ते कारण पुण्यातच सापडते. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशा भारतीय शरीराकडे जगाचे लक्ष वेधणारे हे काम. पण त्यातला अर्धाच धडा आपण उचलला. मर्यादा खाली आणल्या आणि जास्त माणसांना 'स्थूल' म्हणायला लागलो. बारीक माणसाला मधुमेह असू शकतो हे मात्र ओपीडीत अजून रुजलेले नाही. जाड माणसाला न विचारता साखर तपासायला सांगतात आणि त्याच्यासोबत आलेल्या काटकुळ्या भावाला कुणी विचारत नाही. कलंकाचा फटका असा दोघांनाही बसतो.

जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने म्हटले की केवळ बीएमआयवरून स्थूलतेचे निदान करू नये. सोबत कमरेचा घेर किंवा तत्सम दुसरे माप हवे, आणि चरबीमुळे एखाद्या अवयवाच्या कामात किंवा रोजच्या हालचालीत बिघाड झाला आहे का, ते वेगळे तपासावे. बिघाड असेल तर तो आजार, नसेल तर जोखीम. फरक मोठा आहे: पहिल्याला उपचार हवेत, दुसऱ्याला सल्ला आणि देखरेख. कंबर बेंबीवरून मोजू नये. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर मोजावी. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंमी ही मर्यादा धरतात.

इथे नेहमीचा आक्षेप येणार: म्हणजे लठ्ठपणाने काहीच होत नाही म्हणता? नाही, तसे म्हणत नाही. मधुमेह, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडखळणे, यकृतात चरबी साचणे, काही कर्करोग यांची शक्यता वजनाबरोबर वाढते. प्रश्न टोमण्याने वजन उतरते का, हा आहे. अमेरिकेत सहा हजारांवर प्रौढांचा चार वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला स्थूल नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. निरीक्षणावर बेतलेला अभ्यास आहे, कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही, हे मान्य. पण टोमण्यांनी लोक बारीक होत असते तर आकडा उलटा यायला हवा होता. ज्या बाईला मैदानात चालायला गेल्यावर कॉलेजची पोरे हसतात, ती चालायला जाणे सोडते. ज्याला दर वेळी व्याख्यान ऐकावे लागते, तो तपासणी पुढे ढकलतो. यात न कळण्यासारखे काय आहे?

व्याख्यानाचे खरे नुकसान असे की ते तपासणीच्या जागी दिले जाते. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली, अंगावरून जास्त जाते, म्हणून बाई येते आणि 'वजन कमी करा, सगळे नीट होईल' ऐकून परत जाते. वास्तविक वजन जास्त असलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जोखीम जास्त, म्हणून तिची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणे अधिकच निकडीचे. गुडघ्याचेही तेच. वजन उतरले तर गुडघ्याला आराम पडतो, खरे आहे, पण ते उतरायला महिने लागतात आणि गुडघा आज दुखतो आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, फिजिओथेरपी, लावायचे मलम, गरज असल्यास एक्स-रे, हे बारीक रुग्णाला पहिल्याच भेटीत मिळते. घोरण्याचे तर विचारूच नका. त्यावर नाटकात हमखास टाळी पडते. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर झोपेची तपासणी आणि श्वासाचे यंत्र हा त्यावरचा उपचार आहे. तो वजन उतरेपर्यंत थांबवून ठेवायचा नसतो.

रुग्णाने अशा वेळी एकच प्रश्न शांतपणे विचारावा: 'डॉक्टर, हीच तक्रार घेऊन बारीक माणूस आला असता तर तुम्ही काय काय तपासले असते?' बहुतेक डॉक्टर या प्रश्नावर थबकतात आणि तपासणी लिहून देतात. डॉक्टर मंडळी वाईट नसतात. गर्दीच्या ओपीडीत रुग्णामागे जेमतेम दोन-चार मिनिटे मिळतात आणि त्यात वजन ही सर्वांत लवकर दिसणारी गोष्ट असते. वजन नुकतेच वाढले असेल तर औषधांची यादी सोबत न्यावी. ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट (फिटचे औषध), प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), ग्लिमेपिराइड, इन्सुलिन ही वजन वाढवू शकणारी नावे आहेत. ती मनाने बंद करायची नाहीत. फिटचे औषध किंवा स्टिरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे. पर्याय आहे का, एवढेच विचारायचे.

औषधांच्या मात्रेत आणखी एक घोळ असतो, त्याची वाच्यता होत नाही. काही डॉक्टर दुष्परिणामांच्या भीतीने जाड रुग्णाच्या केमोथेरपीला वरची मर्यादा घालतात. कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने 2012 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये सांगितले की मात्रा प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण द्यावी. कमी दिली तर उपचारच कमी पडतो. स्नायूत द्यायच्या लशीचेही पाहा. एक इंचाची, म्हणजे 25 मिमीची सुई 90 किलोंवरच्या स्त्रीच्या किंवा 118 किलोंवरच्या पुरुषाच्या दंडात स्नायूपर्यंत पोहोचेलच असे नाही. तिथे दीड इंची, 38 मिमीची सुई घ्यावी असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे कोष्टक सांगते. आणि संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गर्भनिरोधक गोळी: वजन 70 किलोंवर किंवा बीएमआय 26 वर असेल तर त्या गोळीतल्या लेव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत दुप्पट मात्रेचा किंवा दुसऱ्या उपायाचा विचार करायला सांगितले आहे. पाच दिवसांच्या आत बसवलेल्या तांबीला वजनाचा काही फरक पडत नाही. औषधाच्या दुकानात गोळी पुडीत बांधून देणारा हे सांगत नाही आणि मुली विचारत नाहीत.

घरांतले काय सांगावे! 'किती सुटलीस गं', 'सासरचे अंगाला लागले वाटते' ही आपल्याकडे क्षेमकुशल विचारण्याची रीत आहे. याची दुसरी बाजू जास्त घातक वाटते: कुणी बारीक झाले की केलेले अभिनंदन. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे 80 किलोंच्या माणसाचे चार किलो गेले, तर ती तपासण्याची गोष्ट आहे. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे काम गरजेपेक्षा जास्त चालणे, कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते. पण हळदीकुंकवाला दहा जणी 'काय केलेस, आम्हालाही सांग' म्हणाल्या की ती बाई डॉक्टरकडे कशाला जाईल?

मुलांच्या बाबतीत एकच पथ्य पुरेसे आहे. ताटातला बदल करायचा तर सगळ्या घराचा करावा, एकट्या पोरीच्या ताटातली पोळी मोजू नये. भावाला लाडू आणि बहिणीला काकडी, यातून ती लपून खायला शिकते. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा शिक्षकांनी वजने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ते टोपणनाव दहावीपर्यंत चिकटते. शरीर जसे आहे तसे स्वीकारणे म्हणजे हातपाय गाळून बसणे असे समजले जाते. ते चूक आहे. ज्याला आपल्या शरीराची लाज वाटत नाही, तो पोहायला जातो, वेळेवर रक्त तपासतो, मोठा पट्टा मागतो.

खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 च्या जानेवारीत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्यात आले. सन्मानाने वागवले जाणे आणि खासगीपणा हे त्यातले हक्क. लेखी तक्रार करायची तर तारीख, वेळ, विभाग, नेमके शब्द आणि कोणती तपासणी नाकारली, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे आणि आधी रुग्णालयाकडे, मग महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावे. 'माझा अपमान झाला' यापेक्षा 'मोठा पट्टा नसल्याने बीपी न घेताच गोळी लिहून दिली' या वाक्याची दखल लवकर घेतली जाते.

शेवटी आपल्या कार्यालयाकडे येतो. वधू-वर सूचक सदरात 'सडपातळ' हवी म्हणून लोक शब्दागणिक पैसे मोजतात. तो त्यांचा खासगी मामला म्हणून सोडून देऊ. 'एका महिन्यात 10 किलो, हमखास' या जाहिराती मात्र खासगी नाहीत. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 च्या अनुसूचीत ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत स्थूलता स्पष्टपणे नोंदलेली आहे. कलम 3 जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या कोणालाही लागू होते, फक्त काढा विकणाऱ्याला नव्हे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे टाळायला पावडरी 'अन्न' म्हणून विकल्या जातात. तिथे अन्न सुरक्षा कायदा 2006 चे कलम 53 आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड, आणि त्यातही प्रसिद्ध करणारा येतो. जाहिरात स्वीकारणाऱ्या खिडकीवर त्या अनुसूचीची एक प्रत चिकटवावी आणि 'वजन' हा शब्द असलेली प्रत्येक जाहिरात छपाईला जाण्याआधी तिच्याशी ताडून पाहावी, ही विनंती.

आपले,
परिचर्या, आहारशास्त्र व रुग्णालय व्यवस्थापन क्षेत्रांतील काही वाचक, पुणे